डीव्हीडी नेमकी अडते कुठे?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मुंजीचे, लग्नाचे, गॅदरिंगचे व्हिडिओ आता मोबाइलमध्येच असतात. पण घरातल्या थोरल्यांच्या हाताला सवय असते ती डिस्क सरकवून रिमोटचं एक बटण दाबण्याची. त्यामुळे ‘फाइल डीव्हीडीवर घेताना अडते’ अशी पत्रं आमच्याकडे सतत येतात. त्यांतली काही या अंकात घेतली आहेत.

उत्तरांआधी एक गोष्ट सगळ्यांसाठीच. डीव्हीडी बनवणं म्हणजे एक काम नव्हे, तीन कामं आहेत. मूळ फाइलचं एमपेग-२मध्ये, म्हणजे डीव्हीडी प्लेअरला समजणाऱ्या व्हिडिओ-पद्धतीत, रूपांतर करायचं, हे एन्कोडिंग. ते चित्र आणि आवाज मेनूसकट डीव्हीडीच्या साच्यात बसवायचे, हे ऑथरिंग. आणि शेवटी डिस्कवर लिहायचं, हे बर्निंग. एका बटणात तिन्ही उरकणारे प्रोग्रॅम सोयीचे खरे, पण त्यांत काही बिघडलं की ‘एन्कोडिंग फेल्ड’ एवढी एकच ओळ हाती लागते आणि बिघाड तिन्हींपैकी कुठे आहे ते कळत नाही. म्हणून पहिल्या फेरीत थेट डिस्कवर लिहूच नका. प्रोग्रॅमला फक्त ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर किंवा आयएसओ फाइल (सबंध डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) बनवायला सांगा, ती व्हीएलसी प्लेअरमध्ये चालवून बघा आणि मगच कोरी डिस्क घाला.

प्रश्न: मुलाच्या मुंजीच्या बारा क्लिप आहेत. दोन वेगवेगळ्या मोबाइलवर काढलेल्या, मिळून दीड तासाच्या. डीव्हीडी बनवायला लावली की दर वेळी ४७ टक्क्यांवर काम थांबतं. तीनदा करून पाहिलं. लॅपटॉप जुना झाला म्हणून असं होतं का? नवा घ्यावा लागेल का?
— एक वाचक, कोथरूड

लॅपटॉप घेऊ नका. तुमच्या पत्रातच उत्तराचा धागा आहे: ‘दर वेळी ४७ टक्क्यांवर’. लॅपटॉप तापून बंद पडत असता, रॅम खराब असती किंवा अँटिव्हायरस मध्येच फाइल अडवत असता, तर काम कधी २० टक्क्यांवर अडलं असतं, कधी ८० वर. एकाच जागी अडतं तेव्हा दोष बहुतेक वेळा मूळ फाइलमध्ये असतो.

आधी एक सोपी तपासणी करा. काम थांबलं की प्रोग्रॅमचं टेम्पररी फोल्डर उघडा आणि तिथल्या सगळ्यात मोठ्या फाइलचा आकार बघा. तो ४ जीबीच्या अगदी जवळ, म्हणजे विंडोजमध्ये ३.९९ जीबी दिसत असेल, तर ते फोल्डर फॅट३२ या फाइल साठवायच्या जुन्या पद्धतीच्या ड्राइव्हवर आहे. फॅट३२वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. जागा कमी म्हणून पेनड्राइव्ह किंवा जुनी एक्स्टर्नल डिस्क टेम्पररी जागेसाठी दिली की हे हमखास होतं, आणि अडायची जागाही दर वेळी तीच राहते. टेम्पररी फोल्डर एनटीएफएस या नव्या पद्धतीच्या ड्राइव्हवर न्या, प्रश्न मिटेल. एका भरलेल्या डीव्हीडीसाठी एमपेग फाइल, व्हिडिओ टीएस फोल्डर आणि आयएसओ असे तीन संच तयार होतात. प्रत्येकी साडेचार जीबी धरले तरी तेरा-चौदा जीबी लागतात. वीस जीबी मोकळी असल्याशिवाय सुरुवात करू नका.

आकार ४ जीबीच्या आसपास नसेल, तर दोषी क्लिप शोधायची. बारापैकी पहिल्या सहाच घेऊन डीव्हीडी फोल्डर बनवा. अडलं तर दोष त्या सहांत, नाही अडलं तर उरलेल्या सहांत. मग तीन-तीन, मग एक-एक. चार फेऱ्यांत क्लिप सापडते. ती सापडल्यावर मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा आणि तीन ओळी वाचा.

पहिली ओळ ‘फॉरमॅट’. तिथे एचईव्हीसी असेल आणि ‘बिट डेप्थ’ १० असेल, तर तो फोन नव्या पद्धतीने, एचडीआरमध्ये रेकॉर्ड करतो. डीव्हीडी बनवणारे बरेच प्रोग्रॅम त्या काळातले आहेत जेव्हा हा प्रकार नव्हताच. ते अशा फाइलवर अडखळतात, किंवा अडखळले नाहीत तर चित्र फिकट, राखेसारखं काढतात. दोन मोबाइलच्या क्लिप एकत्र केल्या की निम्म्या चालतात आणि निम्म्या नाहीत, त्याचं कारण बहुधा हेच.

दुसरी ओळ ‘ऑडिओ’. ती मुळातच नसेल, तर त्या क्लिपला आवाजाचा ट्रॅकच नाही. टाइमलॅप्सच्या क्लिप बहुधा अशाच असतात. मांडव सजतानाची एखादी टाइमलॅप्स क्लिप मध्ये घातली असेल तर संशय तिच्यावर घ्या, कारण आवाजाचा ट्रॅक मिळाला नाही की काही प्रोग्रॅम तिथेच मान टाकतात. अशा क्लिपवर एडिटिंग प्रोग्रॅममध्ये एखादं सनईचं संगीत चढवा, म्हणजे तिलाही ट्रॅक मिळेल.

तिसरी ओळ ‘ड्युरेशन’. क्लिप प्रत्यक्षात चार मिनिटांची आणि इथे भलताच आकडा किंवा काहीच नाही, असं असेल तर फाइल अर्धवट कॉपी झाली आहे. मोबाइलमध्ये मूळ क्लिप असेल तर केबल लावून पुन्हा कॉपी करा. व्हॉट्सॲपवरून मागवू नका, तिथे ती आणखी दाबली जाते.

उपाय एकच, पण नीट करायचा. बाराही क्लिप हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममधून एकसारख्या करून घ्या: एच.२६४, ८ बिट, १०८०पी, फ्रेमरेट ‘कॉन्स्टंट’, क्वालिटी आरएफ १८, आवाज एएसी ४८ किलोहर्ट्झ. ज्या चालत होत्या त्याही करा. वेळ लागतो, पण नंतर डीव्हीडीच्या प्रोग्रॅमपुढे बारा जणांची बारा तोंडं येत नाहीत. हँडब्रेक स्वतः डीव्हीडी बनवत नाही. त्यातून निघालेल्या एमपी४ फाइल डीव्हीडीस्टायलरसारख्या प्रोग्रॅमला द्यायच्या.

प्रश्न: भाचीच्या लग्नाचा चार तासांचा व्हिडिओ एका डीव्हीडीवर घेतला. एरर आला नाही. पण अक्षता टाकतात त्या वेळी सगळं चित्र चौकोनी तुकड्यांचं होतं, नवरा-नवरीचे चेहरेसुद्धा ओळखू येत नाहीत. बाकी वेळ बरं दिसतं. असं त्याच क्षणी का?
— एक वाचक, बिबवेवाडी

हा बिघाड एरर न देता होतो, म्हणून जास्त त्रासदायक. चार तासांनंतर कळतं, आणि तेही सगळे बघायला बसल्यावर.

कारण असं. एमपेग-२ प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीत नाही. चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि ‘हा चौकोन मागच्या फ्रेममध्ये थोडा डावीकडे होता’ एवढीच नोंद करतं. अंतरपाट धरून दोघं उभी आहेत, भटजी मंगलाष्टकं म्हणताहेत, तोवर चौकोन फारसे हलत नाहीत आणि नोंदी छोट्या राहतात. ‘शुभमंगल सावधान’ झालं की शेकडो दाणे एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांनी पडू लागतात. कुठलाच चौकोन मागच्या फ्रेममधल्या चौकोनाशी जुळत नाही. त्यात फोटोग्राफरांचे फ्लॅश उडतात, प्रत्येक फ्लॅशला सबंध चित्राचा उजेड बदलतो. सगळं नव्याने लिहावं लागतं आणि त्यासाठी लागणारी माहिती बसवायला जागाच नसते. मग तपशील टाकून दिले जातात आणि चौकोन उघडे पडतात.

जागा का नसते याचा हिशोब कागदावर करून बघा. साध्या डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट बसतात. आठने गुणा, ३७.६ अब्ज बिट झाले. चार तास म्हणजे १४,४०० सेकंद. भागाकार येतो सेकंदाला २.६ मेगाबिट. मेनू आणि इतर नोंदींसाठी चार टक्के सोडा, आवाजाला ०.२ द्या. चित्राला उरले २.३. पूर्ण ७२० बाय ५७६ चित्राला ते फार अपुरे आहेत. तोच व्हिडिओ दोन डिस्कवर, दोन-दोन तास घेतला तर चित्राला ४.८ मेगाबिट मिळतात. या दोन आकड्यांत अक्षता दिसणं आणि न दिसणं एवढा फरक आहे.

तेव्हा दोन डिस्क करा. पहिलीवर सीमांतपूजनापासून लग्न लागेपर्यंत, दुसरीवर सप्तपदी, पंगती आणि रिसेप्शन. एन्कोडिंगमध्ये ‘टू पास, व्हीबीआर’ (दृश्याच्या गरजेप्रमाणे कमीजास्त बिट) निवडा: सरासरी ४८००, कमाल ८००० किलोबिट. पहिल्या पासमध्ये प्रोग्रॅम व्हिडिओ नुसता बघून घेतो, दुसऱ्यात पंगतीच्या शांत दृश्यांतून वाचवलेले बिट अक्षतांना देतो. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, पण लग्नाच्या व्हिडिओला तो द्यावाच. ‘सीबीआर’ निवडलं तर बसलेल्या पाहुण्यांना आणि पडणाऱ्या अक्षतांना सारखाच वाटा मिळतो, आणि एवढ्या कमी जागेत ते परवडत नाही.

एकाच डिस्कचा आग्रह असेल तर दोन पर्याय आहेत. दुहेरी थराच्या डिस्कवर ८.५ अब्ज बाइट बसतात, म्हणजे चार तासांना साधारण ४.३ मेगाबिट. चित्र चांगलं येतं, पण जुने प्लेअर या डिस्कवर थर बदलताना अडतात, कधी वाचतच नाहीत. दुसरा पर्याय ३५२ बाय ५७६ या आकाराचा. तो डीव्हीडीच्या नियमात बसतो. चित्र थोडं मऊ दिसतं, पण चौकोन फुटत नाहीत, कारण तेवढेच बिट निम्म्या पिक्सेलांवर वाटले जातात. आजी-आजोबांच्या टीव्हीवर चार तास एका डिस्कवर हवेच असतील तर आम्ही हा दुसरा पर्याय सुचवू.

आणखी एक. कार्यालयातल्या अंधुक उजेडात काढलेल्या चित्रात बारीक दाणे असतात, ते प्रत्येक फ्रेममध्ये वेगळे. एन्कोडर त्यांनाही हालचाल समजतो आणि त्यांवर बिट खर्च करतो. हँडब्रेकमध्ये ‘डीनॉइज’ हलक्या पातळीवर लावलं तर बरेच बिट वाचतात. जास्त लावू नका, पैठणीचं पोत जातं.

प्रश्न: वडिलांचं दीड तासाचं कीर्तन मोबाइलवर घेतलं. डीव्हीडीवर सुरुवातीला बरोबर आहे, शेवटी शेवटी झांज वाजलेली आधी ऐकू येते आणि दिसते नंतर. मोबाइलमध्ये तीच फाइल नीट चालते.
— एक वाचक, सदाशिव पेठ

पहिल्यांदा हे ठरवा की फरक सुरुवातीपासून तेवढाच आहे की वाढत जातो. सुरुवातीपासून तेवढाच असेल तर उपाय सोपा: ऑथरिंग प्रोग्रॅममध्ये आवाजाचा ‘डिले’ मिलिसेकंदांत भरायचा. तुमच्याकडे तो वाढतोय, म्हणजे वेळ मोजण्यातच चूक आहे.

मोबाइल ठरावीक फ्रेमरेट पाळत नाही. उजेड कमी झाला की सेकंदाला तीसऐवजी चोवीस फ्रेम घेतो, परत उजेड आला की तीस. देवळात समईच्या उजेडात हे सतत होतं. मोबाइलचा प्लेअर प्रत्येक फ्रेमवरची वेळ वाचतो, म्हणून तिथे बरोबर दिसतं. डीव्हीडीला मात्र सेकंदाला नेमक्या तेवढ्याच फ्रेम हव्या असतात. कमकुवत प्रोग्रॅम वेळेच्या नोंदी न बघता फ्रेम मोजत जातो आणि चित्र आवाजापासून सुटतं. मीडियाइन्फोमध्ये ‘फ्रेमरेट मोड’समोर ‘व्हेरिएबल’ दिसलं तर खात्री समजा. हँडब्रेकमध्ये फ्रेमरेट ‘कॉन्स्टंट’ करून नवी फाइल काढा आणि डीव्हीडी तिच्यावरून बनवा.

‘कॉन्स्टंट’ दिसत असूनही फरक वाढत असेल तर घड्याळ लावून मोजा. तासाला सुमारे ३.६ सेकंद, म्हणजे दीड तासाला ५.४ सेकंद असा फरक भरला, तर कुठेतरी २९.९७चे ३० धरले गेले आहेत किंवा उलट. एक हजारांश चूक, पण साठत जाते. प्रोजेक्टचा फ्रेमरेट फाइलशी जुळवला की जाते.

जुन्या व्हीएचएसवरून कॅप्चर केलेल्या फाइलचं कारण वेगळं असतं: कॅप्चर करताना फ्रेम गळतात. पाल या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीत पंचवीस फ्रेम गळल्या की एक सेकंद गेला. कॅप्चर प्रोग्रॅम ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा आकडा दाखवतो. तो शून्य नसेल तर एन्कोडिंगमध्ये काही दुरुस्त होत नाही, टेप पुन्हा लावावी लागते. त्या वेळी बाकी सगळे प्रोग्रॅम बंद ठेवा.

इथेच पाल की एनटीएससी, या दोन टीव्ही-पद्धतींपैकी कोणती घ्यायची, हेही सांगतो, कारण कीर्तनकाराचे हात चालताना ते जाणवतं. आपल्याकडची पद्धत पाल: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. मोबाइलच्या ३० फ्रेमचं पाल केलं की दर सेकंदाला पाच फ्रेम फेकाव्या लागतात आणि हालचाल झटके देते. मोबाइलची फाइल असेल आणि घरचा प्लेअर एनटीएससी डिस्क चालवत असेल, आणि आपल्याकडे विकले गेलेले बरेचसे प्लेअर चालवतात, तर २९.९७चं एनटीएससी करा. उंची ५७६ऐवजी ४८० होते, तो तोटा झटक्यांपेक्षा कमी खटकतो. आधी दोन मिनिटांची डिस्क करून त्या प्लेअरवर बघा. कॅमकॉर्डर आणि व्हीएचएस मात्र पालच ठेवा.

प्रश्न: प्रोग्रॅम फाइल घेतच नाही. ‘फाइल नॉट फाउंड’ म्हणतो, पण फाइल समोर दिसते आहे.
— एक वाचक, चिंचवड

फाइलचं नाव तुम्ही पत्रात लिहिलं आहे: ‘सत्यनारायण पूजा – आईचं सहस्रचंद्रदर्शन’. तेच कारण. जुन्या प्रोग्रॅमांना देवनागरी नाव वाचता येत नाही, त्यांच्या लेखी ती सगळी प्रश्नचिन्हं असतात. फाइलचं आणि फोल्डरचं नाव रोमन लिपीत, छोटं, मोकळी जागा न सोडता द्या आणि फोल्डर थेट सी किंवा डी ड्राइव्हवर ठेवा. डीव्हीडीच्या मेनूत दिसणारं शीर्षक वेगळं असतं, ते मराठीतच ठेवा.

नाव बदलूनही तसंच होत असेल तर विंडोजमधलं तुमचं युजर नाव देवनागरीत आहे का बघा. टेम्पररी फोल्डर त्याच नावाखाली असतं, आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये टेम्पररी जागा बदलून द्या.

प्रश्न: आमच्या ढोल-ताशा पथकाचं विसर्जन मिरवणुकीतलं वादन कॅमकॉर्डरवर घेतलं आहे. एन्कोडिंग पूर्ण होतं, त्यानंतर ‘मल्टिप्लेक्सिंग एरर, बफर अंडरफ्लो’ येतो. सर्वोत्तम दर्जा हवा म्हणून व्हिडिओ ९००० किलोबिट आणि आवाज पीसीएम, म्हणजे न दाबलेला, ठेवला होता.
— एक वाचक, सिंहगड रस्ता

दर्जाच्या हौसेनेच अडलं आहे. डीव्हीडीत चित्राची कमाल मर्यादा सेकंदाला ९.८ मेगाबिट, पण चित्र, आवाज, सबटायटल सगळं मिळून १०.०८. दोन चॅनेलचा पीसीएम आवाज एकटाच १.५३६ खातो. नऊ अधिक दीड, साडेदहा झाले. चित्र आणि आवाज एकत्र विणायची वेळ आली की गाडी मर्यादेपलीकडे जाते आणि प्रोग्रॅम थांबतो. एन्कोडिंग आधीच संपलेलं असतं, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं.

आवाज डॉल्बी डिजिटल, म्हणजे एसी३, २५६ किलोबिट, ४८ किलोहर्ट्झ करा. ढोलाचा ठोका त्यात चांगला येतो. मूळ रेकॉर्डिंगमध्येच आवाज फाटला असेल तर पीसीएमनेही तो सांधला जात नाही. चित्राची कमाल ८००० ठेवा, सरासरी वेळेनुसार. एक तासाचं वादन असेल तर ७००० आरामात बसते. ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ हा पर्याय इथे घेऊ नका. उधळलेला गुलाल, झांजांचा लखलखाट आणि नाचणारे ध्वज एकदम आले की त्यात बिटरेट वाटेल तेवढा उसळतो. नियमात बसलेली नऊ मेगाबिटची डिस्कसुद्धा जुन्या प्लेअरला जड जाते, घरी लिहिलेल्या डिस्कवर तो मागे पडतो आणि चित्र थांबत थांबत चालतं. एफएफएमपेग वापरणाऱ्यांना सोय आहे: ‘टार्गेट’मध्ये पाल-डीव्हीडी दिलं की चित्राचा आकार, बफर, आवाजाचा दर सगळं मर्यादेत बसवून मिळतं.

फील्डचा क्रमही तपासा. कॅमकॉर्डरचं चित्र इंटरलेस्ड असतं, एका फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं, एकाआड एक रेषांची. एचडी कॅमकॉर्डरमध्ये वरचं फील्ड आधी, मिनी डीव्हीमध्ये खालचं आधी. क्रम उलटा भरला तर ध्वज पुढे जाऊन मागे येऊन पुन्हा पुढे जातो असा थरथरतो. कॉम्प्युटरवर हे कळत नाही, टीव्हीवरच कळतं. ध्वज नाचवतानाचे दहा सेकंद काढून पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यूवर घ्या आणि टीव्हीला लावून बघा. त्यासाठी चांगली डिस्क खर्च करू नका.

कॅमेऱ्याने लांब वादनाच्या दोन-तीन फाइल पाडल्या असतील तर त्या वेगवेगळ्या एन्कोड करू नका, सांध्यावर ताशाचा एखादा ठोका गळतो. कॅमेऱ्यासोबत आलेल्या प्रोग्रॅमने किंवा टीएसमक्सरमधल्या ‘जॉइन’ने त्या आधी जोडून घ्या.

प्रश्न: आजोबा पुटपुटल्यासारखं बोलतात म्हणून मराठी सबटायटल दिली. प्रोग्रॅममध्ये टाइप केलं तेव्हा बरोबर, डीव्हीडीवर ‘किती’ची पहिली वेलांटी भलतीकडे आणि जोडाक्षरं तुटलेली.
— एक वाचक, औंध

डीव्हीडीचं सबटायटल म्हणजे मजकूर नसतो, चार रंगांचं छोटं चित्र असतं. मजकुराचं चित्र करताना अक्षरं जुळवायचं काम प्रोग्रॅमने करायचं असतं. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना अक्षरानंतर येते आणि दिसते अक्षराच्या आधी. हे ज्या प्रोग्रॅमला कळत नाही तो ती आहे तिथेच, म्हणजे अक्षरानंतर ठेवतो, आणि ‘क्ष’चे क, हलन्त आणि ष असे तुकडे करतो. फॉन्ट बदलून हे सुधारत नाही, वाचकांचा बराच वेळ त्यात जातो म्हणून मुद्दाम सांगतो.

सबटायटल आधीच चित्रात छापून टाका. मजकूर एसआरटी फाइलमध्ये, यूटीएफ-८ पद्धतीने सेव्ह करा, हँडब्रेकमध्ये ती फाइल जोडून ‘बर्न इन’ निवडा, मग डीव्हीडी बनवा. तिथे जोडाक्षरं नीट जुळतात. सबटायटल बंद करता येणार नाहीत, पण आजोबांसाठी ती चालूच राहणार आहेत. एका ओळीत तीस-बत्तीस अक्षरांपेक्षा जास्त घेऊ नका. डीव्हीडीच्या ५७६ रेषांत बारीक अक्षरातले रफार आणि अनुस्वार पुसले जातात.

प्रश्न: डिस्क कॉम्प्युटरवर चालते, प्लेअर ‘नो डिस्क’ म्हणतो.
— एक वाचक, हडपसर

तीन कारणं, याच क्रमाने तपासा. एमपी४ फाइल डेटा म्हणून कॉपी केली असेल. डिस्क उघडल्यावर ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर आणि त्यात व्हीओबी फाइल दिसल्या पाहिजेत. डिस्क ‘फायनलाइज’ केली नसेल, म्हणजे लिहून झाल्यावर बंद केली नसेल. किंवा फार वेगात लिहिली असेल. ४एक्स ते ८एक्स वेग ठेवा आणि लिहून झाल्यावर ‘व्हेरिफाय’ होऊ द्या. इमगबर्न या डिस्क लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला व्हिडिओ टीएस फोल्डर दिलं की डीव्हीडी-व्हिडिओसाठी लागणारी मांडणी तो स्वतः सुचवतो, तिला हो म्हणा. काही जुने प्लेअर ‘प्लस आर’ डिस्क वाचत नाहीत आणि ‘मायनस आर’ वाचतात, म्हणून तपकीर गल्लीत कोऱ्या डिस्क घ्यायला गेलात तर पन्नासचा डबा उचलण्याआधी दोन्ही प्रकारच्या एकेक सुट्या घेऊन घरच्या प्लेअरवर बघा.

प्रश्न: दुपारी एन्कोडिंगला लावलं की कधी तासाने, कधी वीस मिनिटांत लॅपटॉप आपोआप बंद. रात्री पूर्ण होतं.
— एक वाचक, धायरी

तापतो आहे. एन्कोडिंगमध्ये प्रोसेसर तासन् तास पूर्ण ताकदीने चालतो, आणि पुण्याच्या एप्रिल-मेच्या दुपारी खोलीतली हवाच गरम असते. गादीवरून उचलून टेबलावर ठेवा, पंख्याच्या जाळीतली धूळ काढून घ्या, पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ८० टक्के करा. काम थोडं हळू होईल, पण पूर्ण होईल. स्लीप ‘नेव्हर’ करायला विसरू नका. घरी डेस्कटॉप असणाऱ्यांनी गुरुवारी लांबचं काम लावू नये, त्या दिवशी देखभालीसाठी वीज बंद असू शकते आणि साधा यूपीएस चार तासांचं एन्कोडिंग पुरवत नाही.

प्रश्न: डीव्हीडी नीट झाली. आता मोबाइलमधल्या मूळ फाइल पुसल्या तर चालतील ना?
— एक वाचक, कोथरूड

नाही, कृपा करून पुसू नका. मोबाइलच्या १०८०पी चित्रात सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, डीव्हीडीच्या चित्रात ४.१५ लाख. पाचातले चार भाग डीव्हीडीवर आलेलेच नाहीत, आणि डीव्हीडीवरून परत मोठी फाइल केली तरी ते येत नाहीत. घरी लिहिलेल्या डिस्कवर माहिती रंगाच्या थरात असते आणि ऊन, दमट हवा यांनी तो थर खराब होतो.

मूळ फाइल एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घ्या आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरात, भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवा. जानेवारी २००३मध्ये पुण्यातच, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या साठ्याला आग लागून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. त्यांतल्या ज्यांची प्रत दुसरीकडे नव्हती त्या परत मिळणं शक्य नव्हतं. हार्ड डिस्क वर्षातून एकदा लावून दोन-चार फाइल चालवून बघा. डीव्हीडीवर चिकटपट्टीचं लेबल लावू नका, प्लेअरमध्ये फिरताना ते डिस्कचा तोल बिघडवतं. डिस्कवर लिहायचा मार्कर मिळतो, त्याने कार्यक्रम, तारीख आणि ‘मूळ फाइल कुणाकडे’ एवढं मधल्या पारदर्शक कड्याजवळ लिहा.